पायात आलेला आवाज

माझ्या आईने घरात कधी चप्पल घातली नाही. जानेवारीत जबलपुरातल्या आमच्या चेरीताल भागातल्या घराची फरशी इतकी गार होते की मी मोज्यांवर चप्पल घालते आणि तरी कुरकुरते. आई मात्र अनवाणी. टाचांना भेगा पडल्या, डॉक्टरांनी बजावलं, मी दोनदा मऊ चपला आणून दिल्या. दोन्ही वेळा तिने त्या कामवालीला देऊन टाकल्या. त्यामागचं कारण मला माहीत होतं, म्हणून मी भांडले नाही. एरवी भांडायला मला कारण लागत नाही असं बाबा म्हणायचे.

बाहेरच्या लोकांना जबलपूर म्हणजे संगमरवराचे खडक आणि धबधबा. ते नावेत बसतात, फोटो काढतात आणि जातात. आमच्यासाठी हे कारखान्यांचं गाव. गावाच्या पूर्वेला घराघरातलं कोणीतरी तोफेचा, ट्रकचा नाहीतर बॉम्बचा एखादा भाग बनवून संध्याकाळी घरी येतं आणि वरण-भात खातं. आजोबा भंडाऱ्याकडून इथे आले ते अशाच कामासाठी. बाबाही त्याच कामात गेले. ते जिथे होते तिथे तोफगोळ्यांमध्ये स्फोटक दारू भरली जायची. त्या कामाला घरात काही नाव नव्हतं. "बाबा आत आहेत" एवढंच आम्ही म्हणायचो.

माझं लहानपण कारखान्याच्या क्वार्टरमध्ये गेलं. खिडक्यांच्या काचांवर आई वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीने चिकटवायची, फुलीसारख्या. कारण जवळच्या मैदानात तयार मालाची चाचणी व्हायची. धडाम आवाज यायचा, काचा थरथरायच्या, फडताळातल्या बश्या किणकिणायच्या आणि आम्ही अभ्यास करत राहायचो. पाहुणे दचकायचे. त्यांच्या दचकण्याला आम्ही क्वार्टरमधली मुलं खूप हसायचो. चाचणीचा आवाज आम्हाला कुकरच्या शिट्टीइतका सवयीचा होता.

पण दुसराही एक आवाज होता. तो बायकांना ओळखता यायचा. आईने मला तो एकदाच समजावून सांगितला, भाकरी थापता थापता. "मैदानातला आवाज पहिले काचेत येते," ती म्हणाली. "आतला आवाज पहिले पायात येते. मग कानात." म्हणून पुरुष आत असताना आमच्या क्वार्टरच्या ओळीतली एकही बाई घरात चप्पल घालत नसे.

पायात आवाज आला की काय करायचं हेही ठरलेलं होतं. कोणी ठरवलं ते मला ठाऊक नाही. चूल असो, स्टोव्ह असो, गॅस असो, आधी तो बंद करायचा. मग बाहेर येऊन आपापल्या फाटकात उभं राहायचं, तोंड रस्त्याच्या कोपऱ्याकडे. बोलायचं नाही. आत असलेल्या माणसाचा विषय काढायचा नाही. पोरांनी आईला हाक मारायची नाही, मारली तर उत्तर मिळणार नाही. आपला माणूस सायकलवरून कोपऱ्यावर वळताना दिसला, फाटकापाशी येऊन उतरला, की त्याच्याकडे नीट पाहायचं आणि एकच शब्द म्हणायचा, "दिसले." तो शब्द ऐकल्याशिवाय पुरुषाने फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. मग बाईने मागे न पाहता आत जाऊन चूल पेटवायची. शेजारणीकडे पाहायचं नाही, कारण ती अजून उभी असते.

नव्वद टक्के वेळा काहीच झालेलं नसायचं. कुठे बॉयलरचं झाकण, कुठे ट्रकमधून उतरवताना पडलेलं लोखंड. तरी ओळ उभी राहायची. भर दुपारी तीसेक बायका तीसेक फाटकांत गप्प उभ्या, आणि एकेक करून कमी होत जाणारी ती ओळ. आजही मला शाळेत मुलं रांगेत उभी केली आणि एकेक वर्गात जाऊ लागली की मी पाठ फिरवते. मी गणित शिकवते. वजाबाकी मला अजून आवडत नाही.

मी आठवीत असतानाची गोष्ट आहे. ठिणगी पडू नये म्हणून आत जाणाऱ्याला धातूची कुठलीही वस्तू अंगावर नेता येत नसे. काड्यापेटी तर नाहीच, पण पट्ट्याचं बक्कल, खिळ्यांचे बूट, चावी, काही नाही. कामाचे कपडे आतच मिळायचे, आतच बदलायचे. फक्त अंगातली बंडी घरची. ती आई स्वतः शिवायची आणि तिला बटणांऐवजी कापडाचे बंद लावायची. त्या सकाळी बंडीचा गळ्याजवळचा बंद तुटला. दुसरी वाळत होती, बाबांना उशीर होत होता, आणि आईने घाईत माझ्या जुन्या फ्रॉकचं धातूचं टिचबटण काढून तिथे लावलं. वीस वर्षांत तिच्या हातून अशी चूक झाली नव्हती. बाबांच्याही लक्षात आलं नाही.

दारू भरायच्या शेडच्या दारात तपासणाऱ्याचा हात गळ्यापाशी गेला आणि थांबला. त्याने बाबांना बंडी काढून ठेवायला कपडे बदलायच्या खोलीकडे परत पाठवलं. ते येईपर्यंत काम अडू नये म्हणून त्यांच्या जागेवर शेजारचे काका बसले. आमच्या लगतच्या क्वार्टरमध्ये राहणारे, बाबांबरोबर रोज सायकलने जाणारे काका.

आम्हाला हे नंतर कळलं. आधी फक्त आवाज आला. मी त्या दिवशी तापाने घरी होते, पलंगावर होते, म्हणून मला पायात काही जाणवलं नाही. आईने पोळी तव्यावर असतानाच गॅस बंद केला. मी खिडकीतून पाहत होते. ओळ कमी होत गेली आणि शेवटी दोघी उरल्या, आई आणि शेजारच्या काकू, मध्ये फक्त मेंदीचं कुंपण. मग कोपऱ्यावर बाबा दिसले. सायकल हातात धरून पायी येत होते. एकटेच. फाटकाशी येऊन ते थांबले आणि आईने त्यांच्याकडे इतका वेळ पाहिलं की मला वाटलं ती तो शब्द विसरली. मग म्हणाली, "दिसले." बाबा आत आले. कुंपणापलीकडे त्यांनी पाहिलं नाही.

काकू उभ्याच होत्या. संध्याकाळी कारखान्याची माणसं त्यांना सांगायला आली तेव्हाही त्या कोपऱ्याकडेच पाहत होत्या. पुढे महिनाभर, सुटीचा भोंगा झाला की त्या फाटकात यायच्या. मग त्यांचे भाऊ येऊन त्यांना गोंदियाला घेऊन गेले.

टिचबटणाबद्दल आई काकूंशी कधी बोलली नाही. आमच्याशीही नाही. मला बाबांनी सांगितलं, मी कॉलेजात गेल्यावर. पण स्फोटाच्याच आठवड्यात तिने घरातली सगळी टिचबटणं उसवली. माझे फ्रॉक, उशांचे अभ्रे, पावसाळी कोटसुद्धा. सगळ्यांना बंद लावले. शाळेत मुली माझ्या दप्तराच्या बंदांना हसायच्या आणि मी त्यांना बदडायचे.

बाबा निवृत्त झाले तेव्हा मी नोकरीला लागले होते. मीच हट्ट धरला की क्वार्टर सोडल्यावर त्या बाजूला राहायचं नाही. चेरीतालला जुनं घर मिळालं, समोर छोटं फाटक, मागे एक दार, आणि त्या दारातून निघून पिठाच्या चक्कीवरून वळसा घालत पुन्हा समोरच्या रस्त्याला येणारी गल्ली. इथवर कारखान्याचा आवाज पोहोचत नाही, असं मला चार माणसांनी सांगितलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. लग्न केलं नाही, पण आईवडिलांना त्या आवाजातून बाहेर काढलं, असं मी लोकांना सांगायचे.

पहिली काही वर्षं बरी गेली. आई पौर्णिमेला विहारात जायची, जवळच्या पाटण गावाहून येणाऱ्या दूधवाल्याशी हिंदीत हुज्जत घालायची. बाबा ओमतीच्या चौकापर्यंत सायकलने जाऊन पेपर आणायचे, जरी तो दारात टाकला जात होता. मग एका थंडीत, सकाळी दहाच्या सुमाराला, आई फोडणी टाकता टाकता थांबली. तिने गॅस बंद केला आणि फाटकात जाऊन उभी राहिली.

मला काही ऐकू आलं नव्हतं. बाबा समोरच्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी मान वर केली.

"अवो," ते म्हणाले, "काहून उभी राहिली तिथं? मी इथंच हाय ना."

आईने वळून पाहिलं नाही. बाबा उठून तिच्या मागे गेले, खांद्याला हात लावला. अंगावर बसलेली माशी हाकलावी तसा तिने खांदा हलवला. मी पुढे होऊन तिला म्हटलं, "आई, बाबा घरी आहेत. बघ तर." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मग बाबांकडे, जिथे ते उभे होते तिथे, तिची नजर गेली आणि पुढे निघून गेली, मध्ये कोणीच नसावं तशी. मला इतकी भीती वाटली की मी तिच्यावर ओरडले. शेजारचे भैया बाहेर आले. "कुछ हुआ क्या दीदी?" मी म्हटलं, काही नाही. त्यांनीही काही आवाज ऐकला नव्हता.

बाबा आत गेले, जेवणाची जुनी पिशवी घेतली, सायकल मागच्या दाराने काढली. चक्कीवरून वळसा घालून समोरच्या कोपऱ्यावर आले. फाटकाशी उतरून थांबले. आईने त्यांना नीट पाहिलं.

"दिसले," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिने गॅस पेटवला. जेवताना नेहमीसारखीच होती. मीठ कमी झालं का, असं विचारत होती.

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. तिने माझ्यापेक्षा भराभर केले. डोक्याचा फोटो काढला. काही निघालं नाही. "वय आहे," डॉक्टर म्हणाले. थंडीत पूर्वेची हवा असली की महिन्यातून एकदोनदा हे व्हायचं. आई फाटकात, बाबा मागच्या दाराने बाहेर, समोरून घरी. पेपरात दुसऱ्या दिवशी कसलीच बातमी नसायची, मी प्रत्येक पान चाळायचे.

मला त्या सगळ्याचा राग यायचा. विशेषतः बाबांच्या घाईचा. आई फाटकात गेली की हे सत्तरीचे गृहस्थ चष्मा विसरून, एका पायात बूट घालून मागच्या दाराकडे पळायचे. एकदा मी सायकलचं हँडलच धरलं. म्हटलं, "तुम्ही कायले तिचं नाटक चालवून राहिले? बसा ना थोडा वेळ. थकेल आणि येईल आत."

बाबांनी माझा हात बाजूला केला. "तुले समजत नाही, बाई," ते म्हणाले. "ती पाहत नाही ना मले, तेव्हा मलेच वाटते का मी तिथून निघालोच नाही. बटण नव्हतं. कोणी वापस पाठवलं नाही. मी आपल्या जागेवरच बसलो होतो." मग घाईघाईने म्हणाले, "हट, जाऊ दे मले. लवकर दिसलं पाहिजे."

त्यानंतर मी कधी अडवलं नाही. सायकल चालवणं जमेनासं झालं तेव्हा ते ती हाताने ढकलत नेऊ लागले. चक्कीवाल्याला वाटायचं, म्हातारबुवा व्यायाम करतात.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर बाबांची छाती धरली. आतल्या कामाची पूड म्हणा, वय म्हणा. जानेवारीत ते अंथरुणाला खिळले. घरी ऑक्सिजनचं यंत्र आणलं, त्याची नळी नाकाला. डॉक्टरांनी बजावलं होतं की त्यांना हलवायचं नाही, गार हवा तर अजिबात नाही. मी शाळेतून रजा घेतली.

त्या सकाळी मी त्यांच्या खोलीची फरशी पुसत होते, म्हणून अनवाणी होते. पायाखालून काहीतरी गेलं. एखाद्या जड कपाटाला कोणी खालच्या मजल्यावर ढकलावं, तसं. आमच्या घराला खालचा मजला नाही. नंतर आवाज कानात आला, अगदी बारीक, दूरचा. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे उघडे होते. स्वयंपाकघरात गॅस बंद केल्याचा खटकन आवाज झाला.

"ने मले," बाबा म्हणाले.

मी नाही म्हटलं. बाहेर धुकं होतं, नळी काढता येत नव्हती, डॉक्टरांचे शब्द माझ्या कानात होते. मी शहाणपणा केला. फाटकात जाऊन आईला दंडाला धरून आत आणलं. ती आली, काहीच विरोध न करता, आणि पलंगाशी उभी राहिली. मी म्हटलं, "बघ. हे बाबा. म्हण आता." आईने खाली वाकून हात पुढे केला. तिची बोटं बाबांच्या बंडीच्या गळ्यापाशी गेली, बंदाची गाठ चाचपली, तिथे टिचबटण शोधावं तशी बराच वेळ चाचपली.

"नाही," ती हळूच म्हणाली. "हे नव्हेत." आणि परत फाटकात गेली.

बाबांनी ते ऐकलं. मी आता काहीही म्हटलं तरी त्यांनी ते ऐकलं हे बदलत नाही. ते रडले नाहीत. त्यांनी फक्त पुन्हा म्हटलं, "ने ना मले, बाई. पाच मिनिटाचं काम हाय." मी म्हटलं, "धुकं विरू द्या. मग नेते." मी खोटं बोलत होते आणि त्यांना ते कळत होतं. धुकं विरलं साडेअकराला. बाबा त्याच्या थोडंसं आधी गेले.

नातेवाईक आले, विहारातली माणसं आली, भंतेजींनी वंदना घेतली. आई फाटकाजवळच्या पायरीवर शाल पांघरून बसली होती. आत येईना. दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही, शेजारून जेवण येतं, त्यामुळे गॅस बंद आहे याचं कोणाला काही वाटलं नाही. "धक्का लागलाय," बायका म्हणाल्या. बाबांना तिच्या शेजारूनच बाहेर नेलं. ती थोडी सरकून बसली, वाट दिली. सगळे एका बाजूला जात होते आणि ती दुसऱ्या बाजूला, कोपऱ्याकडे पाहत होती. मीच आक्रोश करत होते. लोकांना वाटलं बापासाठी. ते खरंच होतं, पण मला तिच्या मानेकडे पाहवत नव्हतं.

दोन रात्री ती बाहेरच्या ओट्यावर निजली. मी शेजारी गादी टाकली. ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, मी हाक मारली तरी नाही. त्या दोन दिवसांत घरातून येता-जाता मलाही हळूहळू वाटायला लागलं की आपणच नाही आहोत. आरशात पाहून मी स्वतःचं नाव घेऊन पाहिलं. बाबांना काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं, आणि आता कळून काही उपयोग नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्मशानातून अस्थी आणल्या. दुपारी नर्मदेवर ग्वारीघाटला जायचं ठरलं होतं. पांढऱ्या कापडात बांधलेलं ते छोटं मडकं, अजून किंचित कोमट. बरोबर आलेल्या चुलतभावाने रिक्षा फाटकाकडे वळवायला सांगितली. मी त्याला म्हटलं, मला चक्कीपाशी उतरव. तो माझ्याकडे बघत राहिला.

मी मागच्या गल्लीने घरात शिरले. बाबांची सायकल काढली, चाकांत हवा नव्हती तरी काढली. मडकं त्यांच्या जेवणाच्या पिशवीत ठेवून ती हँडलला लावली. चपला काढून ठेवल्या, का ते मला सांगता येणार नाही. सायकल ढकलत मी निघाले. टायर फटफट करत होतं. चक्कीवाला हातातला डबा घेऊन तसाच उभा राहिला. कोपऱ्यावर वळले आणि समोर फाटकात आई उभी राहिलेली दिसली.

मी फाटकाशी थांबले. आत पाऊल टाकलं नाही. आईने माझ्याकडे नाही, पिशवीकडे पाहिलं. मग सायकलकडे. मग पुन्हा पिशवीकडे, त्या दिवशी क्वार्टरच्या फाटकात बाबांना पाहिलं होतं तितकाच वेळ.

"दिसले," ती म्हणाली.

ती आत गेली. मी सायकलला धरून तिथेच उभी होते. आतून गॅस पेटल्याचा आवाज आला आणि त्याच्या मागोमाग तिचं रडणं, मोठ्याने, शेजारचे धावत येईपर्यंत. पाच मिनिटांचं काम होतं ते. धुक्यात मी बाबांना नेलं असतं तर ते कदाचित फाटकाशीच गेले असते, पण "दिसले" ऐकून, घरी पोहोचून गेले असते.